पाणी पास झाले. गाळाची परीक्षा कोण घेणार?

'तळागाळातला माणूस' हे शब्द निवडणुकीच्या भाषणांत वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यातला गाळ आता कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आम्ही या लेखात तो शब्द अक्षरशः घेणार आहोत. खाडीच्या तळाशी साचलेला गाळ, त्या गाळात राहणारे जीव आणि त्या गाळात गुडघाभर उतरून पोट भरणारी माणसे, या तिघांचा हिशेब प्रदूषण नियंत्रणाच्या कागदांत कुठे आहे, हा आमचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोकणातल्या ज्या ज्या खाडीत रासायनिक वसाहतींचे सांडपाणी जाते, तिथल्या गाळाची चाचणी गाळातच राहणाऱ्या जिवांवर झाली पाहिजे. ती कायद्याने बंधनकारक झाली पाहिजे. आणि तिचा निकाल खाडीवर जगणाऱ्या माणसांच्या हातात पडला पाहिजे.

ही चाचणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. जगात ती गेली चाळीसेक वर्षे चालू आहे. ॲम्फिपॉड नावाचे, काही मिलीमीटर लांबीचे कवचधारी प्राणी समुद्राच्या आणि खाडीच्या तळाशी राहतात. कोळंबी, जवळा, चिंबोरी ज्या मोठ्या कुळातली, त्याच कुळातले हे जीव. यांच्या काही जाती गाळात बीळ करतात, काही गाळाचीच नळी बांधून तिच्यात बसतात. गाळातले कुजके-नासके खाऊन जगतात आणि स्वतः मासे व पाखरांचे अन्न होतात. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोळंबीची पिल्ले पाण्याबरोबर दूर वाहत जातात. ॲम्फिपॉडची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि पिल्ले आईच्याच गाळात वाढतात. म्हणजे हा जीव गाव सोडून जात नाही. गाळ बिघडला की तो तिथेच मरतो. म्हणूनच सांडपाण्याच्या तोंडाशी जे जीव सगळ्यांत आधी नाहीसे होतात, त्यांत हे ॲम्फिपॉड असतात.

अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर न्यूपोर्ट येथे रिचर्ड स्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या जिवाच्या आधाराने गाळ तपासण्याची पद्धत बसवली. १९९४ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चार जातींसाठी मार्गदर्शिका काढली. युरोपात कोरोफियम नावाचा ॲम्फिपॉड वापरतात. २००५ मध्ये या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. पद्धत समजायला अवघड नाही. एक लिटरच्या बरणीत तळाला दोन सेंटिमीटर गाळ घालायचा, वर समुद्राचे स्वच्छ पाणी ओतायचे, हवा सोडायची आणि वीस ॲम्फिपॉड आत टाकायचे. अशा पाच बरण्या संशयित गाळाच्या आणि तशाच बरण्या स्वच्छ म्हणून माहीत असलेल्या गाळाच्या. दहा दिवस थांबायचे. मग बारीक चाळणीतून गाळ धुवायचा आणि किती जिवंत उरले ते मोजायचे. स्वच्छ गाळातले निदान ९० टक्के जीव जगले नाहीत तर सगळी चाचणीच रद्द. म्हणजे दुसऱ्याच्या गाळाला नापास करण्याआधी प्रयोगशाळेला स्वतः पास व्हावे लागते.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? खाडीचे पाणी तपासले की झाले! इथेच मेख आहे. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. भरतीबरोबर आलेले समुद्राचे पाणी सगळे पातळ करून टाकते. नमुना कुठल्या वेळी, कुठल्या जागी भरला यावर आकडा हलतो. पण पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आणि पाण्यात न विरघळणारी अनेक रसायने पाण्यात टिकून राहत नाहीत. ती मातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटतात आणि कणांबरोबर खाली बसतात. पाणी निघून जाते, विष तळाशी राहते. वर्षानुवर्षे थरावर थर साचतो. पाण्याचा अहवाल हा त्या दिवसाचा जबाब असतो; गाळ ही त्या कारखान्याची चोपडी असते. कारखाना बंद पडला, मालक बदलला, नाव बदलले, तरी चोपडीतली नोंद पुसली जात नाही.

आणि आपला कायदा काय मोजतो? १९८६च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत एक जैविक चाचणी आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. किनाऱ्याच्या पाण्यासाठी वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत आणि त्यांना विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय भार, जंतू अशा कसोट्या लावल्या आहेत. हे असलेच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण ही सगळी कसोटी पाण्याची आहे. मासा पाण्यात पोहतो, आणि चार दिवसांत सुटतो. तळाच्या गाळात जन्मभर राहणाऱ्या जिवाला या मानकांत जागा नाही. वरच्या थराला मोजायचे आणि खालच्या थराला धरून चालायचे, ही सवय या देशात फक्त पाण्यापुरती नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

काही जण म्हणतात की गाळातली रसायने प्रयोगशाळेत मोजता येतातच, मग जीव कशाला मारायचे? रसायने जरूर मोजावीत. पण आकड्यांची एक अडचण आहे. गाळात एखादा धातू भरपूर असूनही तो सल्फाइडशी घट्ट बांधलेला असेल तर जिवाच्या अंगात फारसा जात नाही. उलट दहा रसायने प्रत्येकी मर्यादेच्या आत असतात आणि दहाही मिळून जीव घेतात. यादीत ज्या रसायनाचे नावच नाही, ते तर कुणी मोजतच नाही. कोष्टकात प्रत्येक आरोपी वेगवेगळा उभा राहतो आणि पुराव्याअभावी एकेक सुटतो. जिवंत जीव मात्र सगळ्यांचा मिळून मार खातो आणि तोच सांगतो. म्हणूनच १९८०च्या दशकात लाँग आणि चॅपमन या शास्त्रज्ञांनी तीन साक्षी एकत्र घ्याव्यात असे मांडले: गाळातली रसायने, गाळाचा जिवांवरचा परिणाम, आणि प्रत्यक्ष त्या जागी कोणते जीव उरले आहेत याची गणती. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवू लागले की पळवाट उरत नाही.

मोजमाप कुणाला लावायचे यावर निकाल कसा फिरतो, याचे एक उदाहरण न्यूयॉर्क बंदराचे आहे. बंदरात जहाजे यावीत म्हणून तळाचा गाळ सतत उपसावा लागतो. तो गाळ वर्षानुवर्षे जवळच्या समुद्रात एका ठरलेल्या जागी टाकला जात असे. त्या जागेचे नावच 'मड डम्प साइट' होते. समुद्रात टाकण्याआधी गाळाची चाचणी घेण्याचा नियम तिथे होता, आणि बराचसा गाळ पासही होत होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचणीत ॲम्पेलिस्का नावाचा ॲम्फिपॉड आला. गाळ तोच, बंदर तेच. पण परीक्षक बदलला आणि गाळाचा मोठा भाग नापास होऊ लागला. अमेरिकेत १९९१च्या नियमावलीनुसार उपसलेल्या गाळात ॲम्फिपॉडचे मरण तुलनेच्या गाळापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त असेल आणि तो फरक संख्याशास्त्राने खरा ठरत असेल, तर तो गाळ तसाच समुद्रात टाकता येत नाही. बंदरवाल्यांनी, जहाज कंपन्यांनी ओरड केली. किनाऱ्यावरचे लोक आणि मच्छीमार दुसऱ्या बाजूला उभे राहिले. शेवटी १९९७ मध्ये ती जागा बंद झाली. यातून आम्ही एक धडा घेतो. 'सगळे नियमात आहे' असे कुणी म्हटले की आधी विचारावे: नियम कुणाच्या जिवावर तपासला?

या चाचणीत आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटलेला नियम तर वेगळाच आहे. दहाव्या दिवशी गाळ चाळताना वीसपैकी समजा चौदा जिवंत सापडले, दोन मेलेले सापडले आणि चार सापडलेच नाहीत. त्या चारांचे काय? नियम सांगतो, जो सापडला नाही तो मेला असे धरा. इवल्या जिवाचे प्रेत दोन-चार दिवसांत कुजून जाते. प्रेत नाही म्हणून मरण नाही असे म्हणता येत नाही. आता हाच नियम आपल्याकडच्या माणसांना लावून बघा. गटारात उतरून गुदमरलेल्या कामगाराचे मरण 'अपघात' म्हणून लिहिले जाते. तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर नसेल तर तो कामावर नव्हताच असे सांगितले जाते. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, पुन्हा २०१३ मध्ये झाला, तरी मरणाची गणती करतानाच वाद. तिकडे बरणीतल्या पाच मिलीमीटरच्या जिवाला संशयाचा फायदा मिळतो. इकडे संशयाचा फायदा ठेकेदाराला. आम्ही माणसाची तुलना किड्याशी करत नाही. माणसाला निदान त्या किड्याइतका तरी न्याय द्या, एवढेच म्हणतो.

मुंबईत दरवर्षी पावसाळ्याआधी नालेसफाई होते. उपसलेला गाळ टनांत मोजतात, गाड्या मोजतात, वजनात घोटाळा झाला की बातम्या येतात. त्या गाळात काय आहे, तो ज्याच्या अंगाला लागतो त्याच्या कातडीचे आणि फुप्फुसाचे काय होते, हा प्रश्न त्या बातम्यांत क्वचितच असतो. गाळाला वजन आहे. गाळात उभे राहणाऱ्याला वजन नाही. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, लोक होडीतून बघायला जातात. २०१५ मध्ये अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. चांगली गोष्ट आहे. पण फ्लेमिंगो ज्या चिखलात चोच घालतो, त्याच चिखलात ओहोटीला कोळणी आणि आगरी बाया शिंपल्या, कालवे वेचतात. रायगडच्या खाड्यांत कातकरी बाया निवट्या आणि चिंबोऱ्या धरतात. पाखरांची गणती होते. या बायांच्या पायाखालच्या गाळाची चाचणी कधी होणार?

आता महाडकडे येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले होते. कागदावर सगळे होते. पाणी प्याल्यावर काय झाले? तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. इथे जरा थांबून विचार करा. पाणी घाण झाले हे कशावरून ठरले? चव बदलली नाही, रंग बदलला नाही, कुणी आजारी पडले नाही. ते ठरले हात कुणाचा लागला यावरून. आणि शुद्ध कशाने झाले? पाण्यात शेण कालवून! विटाळाच्या शास्त्रात कसोटी नसते, तुलनेची बरणी नसते, चुकीला रद्द होण्याची सोय नसते. तिथे निकाल आधी असतो आणि पाणी नंतर.

त्याच महाडला, तळ्यापासून काही किलोमीटरवर, आज रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. तिचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सावित्रीच्या खाडीत जाते. सावित्री पुढे हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मधून समुद्राला मिळते. बाणकोट ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणाऱ्या समाजाला रसायनाने पाणी बाटते हे सहज कळायला हवे होते. पण विटाळ आणि प्रदूषण यांत फरक आहे: विटाळ खालून वर जातो असे मानले गेले, प्रदूषण वरून खाली येते. म्हणून पहिल्यासाठी १०८ घागरी तत्काळ मिळाल्या, दुसऱ्यासाठी वीस ॲम्फिपॉडची एक बरणीही सक्तीची नाही. सावित्रीचा गाळ विषारी आहे असे आम्ही इथे छातीठोक सांगत नाही. तो तपासा आणि सांगा, असे म्हणतो. चाचणी न करता 'स्वच्छ' म्हणणे हे चाचणी न करता 'बाटले' म्हणण्याइतकेच अशास्त्रीय आहे.

आमचे काही साथी यावर एक रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, खाडीतला भोई, कोळी, दालदी वर्षानुवर्षे सांगतोय की मासा गेला, जाळ्याला वास येतो, अंगाला खाज सुटते. त्याच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवत नाही. आता एका किड्याच्या मरणावर ठेवणार? म्हणजे पुन्हा आमची साक्ष दुय्यम आणि प्रयोगशाळेची साक्ष मुख्य! आक्षेपातला राग आम्हाला मान्य आहे. पण चवदार तळ्याचा लढा तळ्याच्या काठावर संपला नव्हता. तो कोर्टात दहा वर्षे चालला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी रूढी आहे, असा विरोधकांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला आणि पुरावाही लढवला. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. गाळाच्या चाचणीकडे आम्ही असेच बघतो. ती मच्छीमाराच्या साक्षीला दिलेला आधार आहे. नमुना कुठला घ्यायचा हे त्याच मच्छीमाराला ठाऊक असते: कुठल्या वळणावर गाळ काळा पडला, कुठे रात्री पाणी सुटते, कुठे पूर्वी कालवे होती.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. 'आपलीच पोरे त्या वसाहतीत कामाला आहेत, कारखाने बंद पडले तर?' कारखाना बंद करा असे आम्ही कुठे म्हणतो? आपली पोरे तिथे बहुतेक ठेकेदाराकडे आहेत, आणि कारखान्यातले विष सर्वांत आधी त्यांच्याच हाताला लागते. गाळाची तपासणी ही त्यांच्याविरुद्धची गोष्ट नव्हे. नोकरी हवी असेल तर खाडी विसरा, असा सौदा ज्यांच्यापुढे ठेवला जातो त्यांना कधी दोन्ही मिळत नाहीत. खाडी आधी जाते, आणि कंत्राट संपले की नोकरीही जाते.

या चाचणीच्या मर्यादाही आम्ही लपवत नाही. जीव मेले हे ती सांगते, कुठल्या रसायनाने मेले ते सांगत नाही. त्यासाठी पुढचा तपास करावा लागतो. गाळातला अमोनिया किंवा फार बारीक माती यांमुळेही काही जाती मरतात, म्हणून तुलनेचा गाळ नीट निवडावा लागतो. ओरेगॉनचा जीव पंधरा अंश तापमानात तपासतात. तो आणून कोकणच्या उबदार खाडीचा न्याय करणे चुकीचे ठरेल. इथलीच जात शोधावी लागेल, पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारे होणारे पाणी सोसणारी. आणि दहा दिवस जगला म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. पारा असा आहे की तळाचा जीव जगतो, मासा जगतो, आणि मासे खाणारा माणूस मरतो. जपानच्या मिनामाताने १९५६ पासून जगाला हेच दाखवले, आणि तिथल्या खाडीतला पाऱ्याचा गाळ काढायला १९७७ ते १९९० इतकी वर्षे लागली. म्हणून 'ॲम्फिपॉड जगले, सबब नुकसानभरपाई नाही' असा उलटा वापर कुणी करू लागला तर तो आम्ही हाणून पाडू. नापास म्हणजे धोका निश्चित. पास म्हणजे पुढची तपासणी सुरू, असा याचा अर्थ लावला पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. महाड, लोटे परशुराम, ठाणे-बेलापूर, तारापूर अशा ज्या वसाहतींचे सांडपाणी खाडीत किंवा समुद्रात जाते, तिथे ठरावीक काळाने गाळाची जैविक चाचणी सक्तीची करा. बंदरातला आणि खाडीतला गाळ उपसून दुसरीकडे टाकण्याआधी ती करा. मुंबई आणि कोकणातल्या विद्यापीठांना, मत्स्य महाविद्यालयांना स्थानिक जात आणि पद्धत ठरवण्यासाठी पैसा द्या. या कामात खाडीकाठच्या कोळी, भोई, दालदी, आगरी, कातकरी आणि बौद्ध वस्त्यांतल्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन घ्या. गाळ त्यांना पुस्तकाआधीच माहीत आहे. नमुना भरताना गावकरी हजर असावेत आणि त्याचा एक भाग सील करून गावाकडे राहावा. निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. आणि नालेसफाईच्या गाळाचीही तपासणी व्हावी, म्हणजे त्यात उतरणाऱ्या कामगाराला आपण कशात उभे आहोत हे तरी कळेल.

२० मार्च २०२७ हा महाडच्या सत्याग्रहाच्या शताब्दीचा दिवस. त्या दिवशी तळ्यावर पुष्पहार, भाषणे, मोटारींचे ताफे यांची कमतरता भासणार नाही. आमचे सांगणे आहे की शताब्दीच्या निमित्ताने महाडला येणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला, प्रत्येक आमदाराला भीमसैनिकांनी एकच प्रश्न विचारावा: साहेब, सावित्रीच्या गाळाची चाचणी कधी? शंभर वर्षांपूर्वी पाण्यावरचा हक्क मागताना बाबासाहेबांनी दया मागितली नव्हती. तळागाळाने आज गाळाचा हिशेब मागायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

जय भीम!